एकशे एकचं बिऱ्हाड

गॅलरीतला दिवा रात्री कोणी बंद करायचा, हा आमच्या घरातला सर्वांत जुना प्रलंबित दावा. बटण गॅलरीच्या दाराआड, आणि दिवा चालू राहिल्याची आठवण नेमकी पांघरूण गळ्यापर्यंत ओढल्यावर होते. बायको विचारते, "शेवटी तिकडे कोण होतं?" मी म्हणतो, "मी तर केव्हाच आत आलोय." पलीकडच्या खोलीतून आई निकाल देते, "असू दे. चोराला तेवढाच उजेड." मग मी उठतो. अंथरुणापासून बटणापर्यंत चौदा पावलं, येऊन-जाऊन अठ्ठावीस. ही अठ्ठावीस पावलं वाचवायला गेल्या वर्षी मी जो उद्योग केला, तेवढ्यात पायी पंढरपूर गाठून परत येता आलं असतं.

आधी मी सरळमार्गी माणसासारखा मोबाइलवरून चालणारा एक बल्ब आणला. खोक्यावर लिहिलं होतं, 'एका स्पर्शात'. त्या एका स्पर्शाआधी अ‍ॅप उतरवायचं, खातं उघडायचं, ओटीपीची वाट बघायची आणि बल्बला आपली जन्मतारीख सांगायची, हे खोक्यावर नव्हतं. पण लागला. महिनाभर मी आल्यागेल्याला सोफ्यावरून दिवा लावून दाखवत होतो. मग एका संध्याकाळी इंटरनेट गेलं आणि त्याबरोबर दिवाही गेला. तेव्हा उलगडा झाला, की मी दिलेला हुकूम आठ फुटांवरच्या बल्बला थेट जातच नव्हता. तो आधी परदेशातल्या कुठल्याशा सर्व्हरकडे जायचा, तिथे त्याची ओळख पटवली जायची आणि मग तो माझ्या गॅलरीत यायचा. शनिवारातून नारायणात जायला सिंगापूरला विमान बदलावं, तशातली गत.

ऑफिसातल्या एका मित्राला हे सांगितलं. तो गंभीर झाला. "घर क्लाउडवर ठेवलंयस? लोकल कर. स्वतःचा सर्व्हर ठेव." मित्र तसा भला आहे. पण 'त्यात काय, घरीच करायचं' म्हणणारे भले लोक माणसाला कुठे नेऊन सोडतात, ते घरच्या घरी भिंती रंगवलेल्यांना विचारावं.

तर पार्सल आलं. मिनी पीसी. अर्धा किलो पेढ्यांच्या खोक्याएवढा, काळा, मागे चार भोकं. बायकोने हातात घेऊन वजन पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्याचे एवढे?" आत इंटेलचा एन-१०० नावाचा प्रोसेसर, २०२३ सालचा, चार कोअरचा आणि खाणं म्हणाल तर ६ वॉटचं. वर १६ जीबी मेमरी. मला वाटलं, यावर होम असिस्टंट नावाचं ते फुकटातलं सॉफ्टवेअर टाकायचं आणि दिवे लावायचे. मित्राला फोन केला तर तो कळवळला. "एवढ्या मशिनवर नुसतं होम असिस्टंट? अरे, रिकामं राहील ते! आधी खाली प्रॉक्समॉक्स टाक. मग त्यावर काय हवं ते व्हर्च्युअल कर."

प्रॉक्समॉक्स म्हणजे काय ते त्याने अर्धा तास समजावलं. मला कळलं ते मात्र माझ्या आजोबांमुळे.

आजोबा सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत उभा जन्म राहिले. वाडा एक, जमीन एक, चौक एक. पण आत आठ बिऱ्हाडं, आणि आतून कडी लावली की प्रत्येकाला वाटायचं, वाडा आपलाच. प्रॉक्समॉक्स नेमकं हेच करतं. यंत्र एकच, पण आत चार यंत्रं नांदवतं, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटत असतं की हा प्रोसेसर माझा, ही मेमरी माझी, ही डिस्क तर माझ्या बापाचीच. कल्पना काही आजची नाही. यंत्रं खोलीभर मोठी आणि भलती महाग होती तेव्हा, १९६०च्या दशकात, आयबीएमच्या लोकांनी एकाच यंत्रात अनेकांचे संसार थाटून दिले आणि १९७२ साली व्हीएम/३७० नावाने ती सोय गिऱ्हाइकांना दिली. तिकडे यंत्रांची टंचाई होती, इकडे जागेची. तोडगा एकच निघाला.

बिऱ्हाडंही दोन प्रकारची. व्हर्च्युअल मशीन म्हणजे स्वतंत्र स्वयंपाकघर, स्वतंत्र मोरी. हा भाडेकरू आपली ऑपरेटिंग सिस्टिम बरोबर घेऊन येतो, जागा जास्त खातो, पण शेजाऱ्याच्या भांडणात पडत नाही. दुसरा कंटेनर. याची भांडीकुंडी स्वतःची, पण नळ चौकातला, म्हणजे कर्नल मालकाचा. हा स्वस्तात पडतो, चुटकीसरशी राहायला येतो आणि नळाला हवा आली की बाकीच्यांबरोबर बोंबलतो. आजोबांचं बिऱ्हाड या दुसऱ्या जातीचं होतं. नळावरून मालकाशी त्यांचं जे वाजलं, ते शेवटपर्यंत वाजतच राहिलं. आणि आता त्यांचा नातू पेढ्यांच्या खोक्यात वाडा बांधून मालक होणार होता. आमच्या घराण्यातला पहिला.

मालकी सुखासुखी येत नाही. प्रॉक्समॉक्स पेन ड्राइव्हवर उतरवावं लागतं. घरात एकच पेन ड्राइव्ह होता आणि त्यावर आमच्या लग्नाचे फोटो होते. ते मी काढून ठेवले. कुठे ठेवले, यावर अजून चर्चा सुरू आहे. मग यंत्र चालू करताना बायोसमध्ये शिरायला ठरावीक कळ ठरावीक क्षणी दाबायची. ती कोणती, ते कोणी सांगत नाही. मी एफ-२, एफ-७ आणि डिलीट अशा तिन्हींवर तबला वाजवत बसलो आणि चौथ्या खेपेला आत शिरलो. तिथे व्हर्च्युअलायझेशन नावाची खिट्टी उघडली. पुढचं सोपं: देश, पासवर्ड, घराचा पत्ता. पत्ता म्हणजे १९२.१६८ ने सुरू होणारा. शेवटी काळ्या पडद्यावर एक ओळ उरते, की आता अमुक पत्त्यावर ८००६ नंबरच्या दाराने या. ब्राउझरने ते दार उघडताना, 'ही जागा सुरक्षित नाही, परत फिरा' असं बजावलं. स्वतःच्या वाड्यात शिरताना हे ऐकून घ्यावं लागतं, कारण ओळखपत्रावर सही आपलीच असते. आत गेलं की रोज पहिली पाटी, 'तुमच्याकडे वैध वर्गणी नाही.' हे सॉफ्टवेअर व्हिएन्नाच्या एका कंपनीचं आहे, आणि ती ते २००८ पासून लोकांना फुकट वापरू देते. पण फुकट वापरतोयस याची आठवण ती रोज करून देते. यांच्यात कुणीतरी पुण्याचं असणार.

भाडेकरूंना इथे नावं असली तरी खरी ओळख नंबराने, आणि नंबर शंभरपासून सुरू. शंभर नंबर होम असिस्टंटला दिला, स्वतंत्र बिऱ्हाड. एकशे एक म्हणून एक कंटेनर ठेवला, त्याचं काम पुढे सांगतो. एकशे दोनमध्ये फोटोंची साठवण. यंत्रात कोअर चार. मी तिघांना मिळून सात वाटले. मित्र म्हणाला, "चालतं. सगळे एकाच वेळी कुठे उठतात?" आजोबांच्या वाड्यात आठ बिऱ्हाडं आणि संडास दोन होते, तिथेही मालकाचं हेच म्हणणं होतं.

शंभर दोन दिवस उठलाच नाही. त्याला नव्या पद्धतीचं यूईएफआय हवं होतं, मी जुना बायोस देऊन बसलो होतो. खोली दिली आणि दार द्यायचं राहिलं. ते बसवून दिल्यावर मात्र तो उठला, तोंड धुऊन नीट बसला आणि मला काही प्रश्न विचारू लागला. नाव काय, घराला काय म्हणायचं, घर कुठे आहे ते नकाशावर दाखवा. रात्रीचे साडेबारा झाले होते. मी 'पुढे, पुढे' असं करत सुटलो.

दिव्याचा बल्ब आता झिगबीचा आणला होता. झिगबी म्हणजे वाय-फायसारखंच बिनतारी, पण कमी खाणारं आणि एकमेकांच्या कानात सांगत निरोप पोचवणारं. त्याचं नाव मधमाश्यांच्या नाचावरून पडलं आहे. त्यासाठी यंत्राला अंगठ्याएवढा एक डोंगल लावायचा. तो मी लावला तर बल्ब दहा वेळा सापडायचा आणि अकराव्यांदा हरवायचा. यूएसबी ३ च्या भोकातून निघणारा गोंगाट झिगबीच्या त्याच लहरींवर बसतो, म्हणून डोंगल यंत्रापासून दूर न्यायचा, हे शहाणपण आठवड्याने आलं. तेव्हापासून एक लांब वायर यंत्रातून निघून भिंतीवर चढते आणि टोकाला तो डोंगल 'कालनिर्णय'च्या खिळ्याला लोंबतो. महिना उलटताना आई त्याला हळूच बाजूला करते आणि परत अडकवते. तेवढ्यापुरत्या घरातल्या सगळ्या मधमाश्या गोंधळतात.

असो. शंभरला सांगितलं: सूर्यास्त झाला की गॅलरीतला दिवा लाव, अकराला बंद कर. भिंतीवरच्या बटणावर चिकटपट्टी लावली, कारण बटण बंद केलं की बल्ब मेला, मग शंभरने कितीही हाका मारल्या तरी उपयोग नाही. जून महिना होता. सात वाजले, सव्वासात वाजले, अंधार झाला, दिवा नाही. आईने देवापाशी निरांजन लावलं, गॅलरीकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. मी म्हटलं, "पहिलाच दिवस आहे."

रात्री दीडच्या पुढे गॅलरी लख्ख उजळली.

बायको दचकून उठली. मी चौदा पावलं चालत गेलो, चिकटपट्टी सोलली, दिवा बंद केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, दीड वाजून पाच-सहा मिनिटं. तिसऱ्या रात्री मी पाळतच ठेवली. लॅपटॉप मांडीवर, चहाचा थर्मास शेजारी. १ वाजून ३५ मिनिटं झाली, दिवा लागला आणि शंभरच्या रोजनाम्यात शांतपणे नोंद पडली: सूर्य मावळला.

सोसायटीच्या वॉचमनने सकाळी फाटकाशी विचारलं, "साहेब, मुलीची परीक्षा आहे का? रोज रात्री दीडला उठता." मी हो म्हटलं. मुलगी दुसरीत आहे.

झालं होतं असं, की घर कुठे आहे हे विचारताना नकाशावर टाचणी आधीच टोचलेली असते, आणि ती असते अ‍ॅमस्टरडॅममध्ये. मी 'पुढे' म्हटलं आणि माझं घर तिथेच राहिलं. जूनमध्ये तिकडे सूर्य रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो. तेव्हा आपल्याकडे दीड वाजलेला असतो. शंभर बिचारा हॉलंडची तिन्हीसांज पुण्याच्या पेठेत इमानदारीने साजरी करत होता. टाचणी अ‍ॅमस्टरडॅमहून उचलून घरावर आणून टोचली तेव्हा त्या संध्याकाळी सात वाजून गेल्यावर, आई निरांजनाची वात सारखी करत असतानाच दिवा लागला. आईने 'कालनिर्णय' उघडून वेळ पडताळली. मग म्हणाली, "हे अ‍ॅमस्टरडॅम कुठून आलं पण मध्येच?"

तिला सांगितलं, की हे होम असिस्टंट पाउलुस स्खाउत्सन नावाच्या एका डच माणसाने २०१३ साली लिहायला घेतलं. अगदी सुरुवातीला त्याची कामं दोन-तीनच: घरात कोणी असेल तर सूर्य मावळताना दिवे लागावेत, सगळे बाहेर पडले की विझावेत. आता जगभरचे लोक त्यात भर घालतात आणि दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी नवी आवृत्ती निघते.

"तिन्हीसांजेला दिवा लावायचा, हे त्याला कोणी सांगितलं?" आईने विचारलं.

"कोणी नाही. त्यालाच सुचलं."

"मग चांगल्या घरचा असणार."

तेव्हापासून शंभरबद्दल आईचं मत चांगलं आहे. चिकटपट्टीबद्दल नव्हतं. "घरातल्या बटणाला हात लावायची चोरी?" म्हणून तिने वायरमनला बोलावलं. भिंतीतल्या बटणामागे एक छोटं मॉड्यूल बसवता येतं, म्हणजे बटणही चालतं आणि शंभरही. ते मी आधीच मागवून ठेवलं होतं, काडेपेटीएवढं.

वायरमन आमच्या इमारतीचे जुने. त्यांनी बोर्डाचे चार स्क्रू काढून तोंडात धरले, पाटी पुढे ओढली, टेस्टर लावला, आणि स्क्रूंमधून म्हणाले, "न्यूट्रल नाही."

"म्हणजे?"

त्यांनी स्क्रू हातात घेतले. "हे बघा. ही लाल फेज आली. बटणात गेली, बटणातून दिव्याला गेली. न्यूट्रल वरच्या वर दिव्याला. या बोर्डात प्लग नाही, मग न्यूट्रल कशाला आणतील खाली? तुमच्या या डबीला स्वतःला जगायला न्यूट्रल लागतो. बटणाला लागत नाही."

"मग आता?"

"हॉलच्या प्लगमधून ओढावा लागेल. पट्टी मारून." ते मॉड्यूल उलटसुलट पाहत होते. "हे लावून नेमकं काय होणार?"

"बटण न दाबता दिवा लागेल, बंद होईल. पलंगावरून."

"पलंगावरून बंद करायचाय फक्त?"

"हो."

"मग टू-वे टाकू की. जिन्यात असतो तसा. एक बटण गॅलरीत, एक पलंगाशी. वायर धरून तीन-चारशेत होईल." आणि त्यांनी माझ्याकडे अशा अपेक्षेने पाहिलं, की मी आता म्हणेन, अरेच्चा, खरंच की. बायको दारात उभी होती. तिने चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "काका, तुम्ही जूनआधी का नाही आलात?"

पट्टी मारली. ती अजून दिसते.

पुढचे महिने मालकीत गेले. शंभरला काय हवं-नको ते यामल नावाच्या लिपीत लिहावं लागतं. तिच्यात शब्दांइतकीच रिकाम्या जागांना किंमत. ओळ दोन घरं आत सरकायला हवी असताना एकच सरकली, की सगळी नोटीस रद्द. टॅबची कळ दाबली तर थेट बहिष्कार. आणि 'ऑफ' हा शब्द अवतरणात घातला नाही, तर वाचणारा त्याचा अर्थ 'बंद' असा न घेता 'असत्य' असा घेतो. मुलीच्या खोलीतला पंखा माझ्या एका उघड्या 'ऑफ'पायी चार दिवस वाट बघत राहिला. ध चा मा व्हायला आनंदीबाईच लागतात असं नाही.

न्हाणीघरात हालचाल ओळखणारा सेन्सर लावला. तो माणसाच्या उष्णतेची हालचाल टिपतो, म्हणजे माणूस हलला तर. सासरे राहायला आले होते. ते पेपर घेऊन आत बसतात आणि पानाखेरीज काही हलवत नाहीत. तीन मिनिटांनी अंधार. आतून पहिल्या दिवशी खाकरणं ऐकू आलं, दुसऱ्या दिवशी टाळ्या. तिसऱ्या दिवशी ते जेवताना बायकोला म्हणाले, "जावईबापूंना म्हणावं, बिल मी भरतो." मग मी रडारवर चालणारा सेन्सर आणला, जो माणूस स्तब्ध बसला तरी श्वासावरून ओळखतो. तो हॉलमध्ये आजमावला, तर तो पंख्यालाही माणूस समजला. आमच्याकडे मार्च ते जून पंखा बंद होत नाही. शंभरच्या हिशेबी हॉलमध्ये चार महिने एक माणूस गरगर फिरत बसला होता.

दिवाळीचं सांगायला नको, पण सांगतो. गीझर शंभरच्या ताब्यात दिला होता (सोळा अँपिअरचं जाड मॉड्यूल लावून, गीझर दोन हजार वॉटचा, त्याच्याशी थट्टा नको, हे काकांनी बजावलं होतं). नियम असा, की कामाच्या दिवशी पावणेसहाला चालू, सुट्टीच्या दिवशी सातला. सुट्ट्यांची यादी शंभर स्वतः पाहतो. मला या व्यवस्थेचा अभिमान होता. नरक चतुर्दशीच्या पहाटे आईने मला पाटावर बसवून तेल चोपडलं, उटणं लावलं, आणि मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. बर्फ. शंभरने यादी पाहिली होती. आज सुट्टी, घरचे सातपर्यंत झोपणार. उटणं वाळत होतं, मी तेलकट बोटांनी मोबाइलवर गीझर चालू करायला गेलो, तर मोबाइल ते बोट ओळखेना. बाहेर फटाके सुरू झाले होते. बायको दाराबाहेरून म्हणाली, "बटण दाबा." भिंतीवर बटण होतं. मी विसरलो होतो.

तसं खंडेनवमीला आईने त्या खोक्याला हळदकुंकू वाहून वर झेंडूचं फूल ठेवलं होतं, नेमकं हवेच्या भोकावर. दुपारपर्यंत त्याचा पंखा वेड्यासारखा घोंघावत होता. दोष तिचा नाही. तिला वाटलं, प्रसन्न झाला.

आता एकशे एक. आजोबांच्या वाड्यात ओसरीवर एक म्हातारे बसलेले असत. आल्यागेल्याने नाव घ्यायचं, ते बोट दाखवायचे: डावीकडे जिना, वर दुसरं दार. फेरीवाला आला तर त्याला तिथूनच परतवायचे. एकशे एकचं काम हेच. घरातल्या प्रत्येक मोबाइलने, लॅपटॉपने, टीव्हीने एखादं नाव घेतलं की त्याचा आकडी पत्ता हा सांगतो, आणि जाहिरातवाल्यांचं नाव निघालं की 'इथे कोणी राहत नाही' म्हणतो. ठेवल्या दिवसापासून आईचं कीर्तन मध्ये न तुटता चालू लागलं. फार गुणी बिऱ्हाड. फक्त ओसरीवरचे म्हातारे डुलकी घेऊ लागले तर वाड्यात कोणालाच कोणी सापडत नाही, हे माझ्या ध्यानात यायला एक मंगळवार लागला. मी त्याची मेमरी अर्ध्या जीबीने वाढवायला म्हणून त्याला एकदा झोपवून उठवलं. झोपला, उठेना. आतल्या खोलीत बायकोची ऑफिसची मीटिंग चालू होती. तिचा आवाज वाक्याच्या मधोमध थांबला. मुलीचं कार्टून थांबलं. आईचे कीर्तनकार तोंड उघडं ठेवून थांबले. तीन दारांतून तिघी बाहेर आल्या आणि तिघींनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी मला कळलं, आजोबांच्या वाड्याचे मालक संध्याकाळी देवळात का जाऊन बसत.

तेव्हापासून घरात ही भाषा रूढ झाली. मुलगी विचारते, "बाबा, एकशे दोनमध्ये माझे सहलीचे फोटो आलेत का?" बायको म्हणते, "आज माझं प्रेझेंटेशन आहे, वाड्यात कोणाला हात लावायचा नाही." आणि आई कोणी भेटायला आलं की कपाटावरच्या खोक्याकडे बोट दाखवून म्हणते, "हे याचे भाडेकरू. भाडं कोणी देत नाही."

भाड्यावरून आठवलं. एका रविवारी बायको विजेचं बिल आणि पेन्सिल घेऊन बसली. गॅलरीतला बल्ब ९ वॉटचा. आपण तो रोज विसरायचो, समज दोन तास. वर्षाचे साडेसहा युनिट. आणि हे खोकं? मी स्मार्ट प्लगवर मोजलं होतं, त्यामुळे लपवता येईना: सगळी बिऱ्हाडं धरून १० वॉट, रात्रंदिवस. तिने गुणाकार केला. वर्षाचे साडेसत्त्याऐंशी युनिट. तिने दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले, खाली रेघ मारली आणि वजाबाकी न करता कागद माझ्याकडे सरकवला. मी म्हटलं, यात फोटो आहेत, जाहिराती अडवणं आहे, गीझर आहे. ती म्हणाली, "मी कुठे काय म्हटलं?" मग थोड्या वेळाने, "याला कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात का?"

ही तिने या प्रकरणात केलेली पहिली आणि एकमेव मागणी. मी जिवाचं रान केलं. आवाज टिपणारा सेन्सर ओट्यावर बसवला, शंभरला शिकवलं, तीन शिट्ट्या झाल्या की हॉलमधला दिवा दोनदा मिचकवायचा. निरोप पोचवायला एमक्यूटीटी लावलं. ही पद्धत १९९९ साली लांबच लांब तेलवाहिन्यांवर नजर ठेवायला काढली होती, आमच्याकडे ती वरणासाठी राबते. पहिल्या दिवशी दिवा मिचकला, बायकोने गॅस बंद केला, झाकण उघडलं. तूरडाळ टणक. आमच्या कुकरची एकच शिट्टी झाली होती. दोन शेजारच्यांच्या होत्या.

गेल्या महिन्यात कोल्हापूरला एका मित्राच्या मुलाच्या लग्नाला गेलो. एकटाच. दोन दिवस घरून एकही तक्रार नाही, हे मला जरा लागलंच. तिसऱ्या दिवशी दुपारी पंगतीत बसलो होतो, मसालेभात वाढून झाला होता, आणि आईचा फोन आला.

"अरे, एकशे एक झोपला होता."

"कधी?" मी ताठ बसलो. "घाबरू नकोस. कपाटावरच्या खोक्याचं बटण..."

"झोपला होता म्हटलं. उठला आता, आपला आपण. कीर्तन लागलंय."

"मग?"

"मग काही नाही. परवा तू गेलास तेव्हापासून एकदाही झोपला नव्हता तो. दिवा वेळेवर लागतोय, पाणी तापतंय, सगळं कसं सुरळीत. आज दुपारीच एकदम काय झालं म्हणून विचारते." ती थांबली. "तू तिकडून काही केलंस का रे?"

आदल्या दिवशी पहिला बुधवार होता, नव्या आवृत्तीचा. मी डाव्या हातातला मोबाइल मांडीवर पालथा घातला आणि वाढप्याला म्हटलं, "जिलेबी इकडे."